मज्जारज्जूचे सर

सरांची आणि माझी ओळख वर्गात झाली नाही, अंड्यांच्या दुकानात झाली.

मी नांदेडची. अब्बांचं तिथं शिलाई मशिनी दुरुस्त करायचं दुकान होतं. दहावीला मला मार्क बरे पडले, तेव्हा मोहल्ल्यातल्या लोकांनी आपसात ठरवून टाकलं की पोरगी डॉक्टर होणार आणि त्यासाठी लातूरला जाणार. लातूरला माझी खाला, म्हणजे आईची बहीण, राहायची. तिच्या नवऱ्याचं, आमच्या खालूंचं, गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत अंड्यांचं दुकान होतं. कॉलेज सुरू व्हायला दोन दिवस होते म्हणून मी दुकानात बसून तडकलेली अंडी बाजूला काढत होते. तेवढ्यात आकाशी सफारीतला एक किडकिडीत माणूस सायकल टेकवून आत आला. त्यानं टोपलीतलं एक अंडं उचलून उजेडाकडं धरलं आणि खालूंना विचारलं, "याला बाप आहे का?"

खालू दाढीला मेंदी लावणारे, कुणाशी चढ्या आवाजात न बोलणारे गृहस्थ. ते बराच वेळ त्या माणसाकडं आणि अंड्याकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग म्हणाले, "साब, तीस साल से दुकान है. ये सवाल कोई नै पूछा."

मग त्या माणसानं पाऊण तास समजावून सांगितलं. पोल्ट्रीतल्या कोंबडीनं जन्मात कोंबडा बघितलेला नसतो, त्यामुळे तिच्या अंड्यातून पिल्लू होत नाही. त्याला पिल्लू होणारं अंडं पाहिजे होतं, आणि तेही खायला नव्हे तर बघायला. एवढं होईपर्यंत तीन गिऱ्हाइकं परत गेली. शेवटी खालूंनी खेड्यावरून गावरान अंडी आणणाऱ्या एका बाईला निरोप द्यायचं कबूल केलं. तेव्हापासून दुकानात एक वेगळी टोपली लागली. खालू तिला 'बापवाले' म्हणत. महिन्याभरात बाकीची गिऱ्हाइकंही बापवालीच मागायला लागली, कारण त्यांत ताकद जास्त असते अशी बातमी गोलाईत पसरली होती. ती कुणी पसरवली, हे खालूंनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दोन दिवसांनी जीवशास्त्राच्या तासाला तोच माणूस त्याच सफारीत वर्गात आला.

त्या काळी लातूरला डॉक्टर तयार करायचा उद्योग नुकताच जोरात सुरू झाला होता. लांबलांबून आईबाप पोरं आणून सोडत होते. ज्याच्या घरात दोन खोल्या तो एकीत राहायचा आणि दुसरीत पोरं ठेवायचा. ज्याच्याकडं एकच, तो गच्चीवर पत्रे टाकायचा. सकाळी टेस्ट, दुपारी टेस्ट, आणि रविवारी आठवडाभरातल्या सगळ्या टेस्टांची मिळून एक टेस्ट. आमच्या कॉलेजच्या भिंतीवर गुणवंतांचे फोटो ओळीनं लावलेले होते आणि शेवटी एक रिकामी चौकट टांगलेली होती. तिच्याखाली लिहिलं होतं, 'इथे तुम्ही'. या सगळ्याला बाहेरचे लोक पॅटर्न म्हणत. संस्था चालवणारे सचिवसाहेब त्याला तपश्चर्या म्हणत. सर काहीच म्हणत नसत. असं काही सुरू झालंय हे त्यांना बहुधा कुणी कळवलंच नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या, बारावीच्या पुस्तकात मज्जारज्जू कसा घडतो याला सव्वा ओळ होती. सरांनी त्या सव्वा ओळीला जून आणि अर्धा जुलै दिला.

सर नायगावकडचे. तीच बोली वर्गात बोलत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्या पायाच्या अंगठ्यातल्या पेशीत अन् पाठीच्या कण्यातल्या पेशीत पुस्तक एकच असतंय. अख्खं पुस्तक, एक पान कमी न्हाई. मग अंगठ्यातली पेशी अंगठाच का झाली? कुणी सांगितलं तिला?"

'कुणी सांगितलं' हा त्यांचा लाडका प्रश्न. तो ते पेशींनाही विचारत आणि माणसांनाही. वर्गात एकदा त्यांनी एकेकाला उभं करून, डॉक्टर व्हायचं कुणी सांगितलं, असं विचारलं. बहुतेकांनी पप्पांचं नाव घेतलं, एकानं मामाचं. मी मोहल्ल्याचं नाव सांगितलं. सर समाधानानं मान हलवत राहिले, जणू एखादा सिद्धांत पुन्हा एकदा सिद्ध झाला होता.

मग ते फळ्यावर एक नळी काढत. अंड्यातल्या पिल्लाच्या पाठीवरची कातडी दुमडून ही नळी होते, तिचाच पुढं मज्जारज्जू होतो. नळीच्या खाली एक बारीक काडी असते. ती काडी खालून निरोप पाठवते. काडीच्या जवळच्या पेशींना निरोप दाट मिळतो, वरच्यांना विरळ, आणि अगदी वरच्यांना पाठीकडून दुसराच निरोप येतो. त्या निरोपाप्रमाणं पेशीतली काही पानं उघडतात, काही मिटतात. एक पान उघडलं की ते शेजारचं पान दाबून धरतं, म्हणजे पेशीला परत मन बदलता येत नाही. खालच्या भागातल्या पेशी हातपाय हलवणाऱ्या होतात, वरच्या भागातल्या चटका आणि टोचणी ओळखणाऱ्या. "पेशी सगळ्या सारख्याच असतात," सर म्हणत, "निरोप किती पोचला एवढाच फरक." हे ते इतकं रंगून सांगत की घंटा झालेली त्यांना ऐकू यायची नाही आणि पुढच्या तासाचे फिजिक्सचे सर दारात उभे राहून घड्याळ दाखवायचे.

पोरांनी त्यांना मज्जारज्जूचे सर असं नाव ठेवलं. काहीजण नुसतंच मज्जा सर म्हणत, पण मज्जा कुणालाच येत नव्हती, कारण शेजारच्या क्लासची पोरं तोवर पाचव्या धड्याच्या तिसऱ्या टेस्टला बसली होती.

एकदा सरांनी तीन दिवस उबवलेलं अंडं वर्गात आणलं. बारीक कात्रीनं कवचाला रुपयाएवढी खिडकी पाडली आणि आम्हाला एकेक करून बघायला बोलावलं. आत पिवळ्यावर लाल जाळं पसरलं होतं आणि मधोमध एक ठिपका धडधडत होता. शेजारी वाकलेला एक बारीकसा जीव, त्याच्या पाठीवर मण्यांची दुहेरी ओळ आणि मधून जाणारा पांढुरका दोरा. वर्गात पहिल्यांदाच कुणी वहीत काही लिहून घेत नव्हतं. मग आमच्यातला सगळ्यात हुशार मुलगा म्हणाला, "सर, हे परीक्षेला येतं का?"

सर त्याच्याकडं मायेनं बघत म्हणाले, "हे येऊन गेलं, बाळा. तू आईच्या पोटात तीन-चार आठवड्यांचा होतास तवा. पास झालास म्हणून इथं बसून राहिलास."

सरांनी तरुणपणी विद्यापीठात याच विषयावर संशोधन सुरू केलं होतं. ती काडी तुकडा करून नळीच्या बगलेला लावली, तर तिथंही हातपाय हलवणाऱ्या पेशी तयार होतात, हे त्यांना आपल्या हातानं करून बघायचं होतं. पण त्यांचे मार्गदर्शक वारले आणि नव्या मार्गदर्शकांना गोगलगाई आवडायच्या. सरांनी गोगलगाईंवर दोन वर्षं काढली आणि सोडून दिलं. आता लातूरच्या भाड्याच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत बल्ब लावून, ते तोच प्रयोग करत होते. आमचं दुकान शिलाई मशिनींचं हे कळल्यावर त्यांनी माझ्याकरवी अब्बांना निरोप धाडला की सुई अशी घासून द्या की केस उभा चिरला पाहिजे. अब्बांनी आठ दिवस दगडावर सुया घासल्या. असं सन्मानाचं काम आपल्याला जन्मात मिळालं नव्हतं, असं ते आल्यागेल्याला सांगत. बारावीच्या त्या सप्टेंबरात सरांनी काडीचा तुकडा लावलेली सहा अंडी पहिल्यांदाच चौथ्या दिवशीही जिवंत होती. सरांनी ही बातमी वर्गात सांगितली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी टेस्ट होती.

मग गणपतीचं विसर्जन झालं आणि उजाडायच्या आत भूकंप झाला.

लातूर शहरात भिंतींना तडे गेले, लोक रस्त्यावर आले. खालूंच्या दुकानात बापवाली आणि बिनबापाची एकाच पाटात वाहिली. पण औशाकडची, उमरग्याकडची कितीतरी गावं जागेवर राहिली नाहीत. माझ्या बाकावर बसणारी विजया औशाकडच्या खेड्यातली. तिचे वडील आणि भाऊ दगडमातीखाली गेले. आई तेवढी जिवंत निघाली. तिला लातूरला सरकारी दवाखान्यात आणलं. तिच्या पाठीचा कणा मोडला होता आणि कमरेखाली काही हलत नव्हतं.

त्या दिवसांत वॉर्डात माणसांची रीघ लागली होती. कुणी केळी वाटत होतं, कुणी चादरी. एकाच खाटेवर चार संस्थांच्या चादरी पडल्या होत्या. जो येई तो विजयाच्या आईला म्हणे, घाबरू नका, चालाल तुम्ही. सचिवसाहेब फोटोवाल्याला घेऊन आले. त्यांनी विजयाच्या हातात पुस्तक दिलं, तिला आईच्या उशाशी बसवलं आणि जाहीर केलं की दिवाळीपर्यंत मावशी पायावर उभ्या राहतील आणि ही लेक डॉक्टर होऊन अशा हजारोंना उभं करील. फोटो चांगला आला. पुढं तो कॉलेजच्या माहितीपत्रकावर छापला.

सर दुसऱ्या दिवशी आले. केळीही नाहीत, चादरही नाही. ते खाटेजवळ नुसते उभे राहिले. मी तिथंच होते. विजयानंच विचारलं. तुम्ही शिकवलं होतं की पेशीत अख्खं पुस्तक असतं, निरोप मिळाला की मज्जारज्जू होतो. मग आईचा परत होईल ना?

सर खाटेच्या कडेवर टेकले. मग म्हणाले, "न्हाई, विजया. पुस्तक अजून आत हाय. पण ती पानं मिटून गेली. मोठ्या माणसात ती कशी उघडायची हे मला माहीत न्हाई. आज तरी कुणालाच माहीत न्हाई. जो चालाल म्हणतोय, त्यालाबी न्हाई."

विजया रडायला लागली. मला सरांचा राग आला. पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली, कसला मास्तर हाय हा. पण विजयाच्या आईनं डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलं. रोज सकाळी अंगठ्याकडं बघत बसायले मी. आता ते बंद. बसता येईल का, तेवढं सांगा."

सरांना तेही माहीत नव्हतं. ते तसंच बोलले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते जाड पुस्तकं वाचून आणि तिथल्या एका वयस्क सिस्टरबाईंना विचारून आले. त्यांनी सांगितलं की बसता येईल, हातात ताकद आहे तोवर पुष्कळ काही येईल. पण तोवर पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर त्याच जीव घेतील. त्यासाठी दर दोन तासांनी कूस बदलायची. "मी अंडी दिवसातून पाच वेळा फिरवतो," ते विजयाच्या आईला म्हणाले. "न्हाई फिरवली तर आतला जीव कवचाला चिकटतो. तुमालाबी फिरवावं लागतंय."

"फिरवा की," ती म्हणाली.

ज्या माणसानं आयुष्यात वेळापत्रक पाळलं नव्हतं, त्यानं तिच्या खाटेमागं भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. आमच्या वर्गातल्या मुलींच्या पाळ्या लावल्या. मुलांनी पाणी आणायचं, कपडे पिळायचे. माझी पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी होती. सर रोज येत आणि भिंतीवर खुणा बघत. एक खूण चुकली तर आमच्यावर असे चिडत की जणू आम्ही बोर्डाचा पेपर चुकवला होता.

सरांच्या खोलीतली सहा अंडी त्याच आठवड्यात मेली. आधी वीज गेली, मग फिरवायला कुणी नव्हतं. घरमालकांनी वासामुळं कुलूप तोडून पेटी रस्त्यावर ठेवली आणि कॉलेजात तक्रार केली की तुमचे सर घरात काहीतरी सडवतात. मला कळल्यावर मी सरांना म्हणाले, तुमचा प्रयोग गेला. ते म्हणाले, अंडी काय, खालूंकडं परत मिळतात. पण बापवाल्या टोपलीतलं अंडं त्यांनी परत कधी नेलं नाही.

दिवाळी झाली. विजयाची आई उभी राहिली नाही, पण लोडाला टेकून बसायला लागली. तिच्या पाठीवर एकही जखम नव्हती. पुढं जानेवारीच्या शेवटी तिला आणि विजयाला गावाजवळच्या पत्र्याच्या वसाहतीत एक शेड मिळालं, आणि गावातल्या बायकांनी पाळ्या उचलेपर्यंत आम्ही दर रविवारी टेस्ट बुडवून एसटीनं तिथं जायचो.

इथं मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे.

डिसेंबरात सचिवसाहेबांनी आम्हा आठ-दहा हुशार मुलामुलींना ऑफिसात बोलावलं. चहा दिला, क्रीमची बिस्किटं दिली. ते म्हणाले, जीवशास्त्राचे सहा धडे बाकी आहेत, तुमच्या आईबापांनी कशाकशाचा घास काढून तुम्हाला इथं ठेवलंय, मी काही करत नाही, पण विद्यार्थ्यांचा अर्ज आला तर मला विचार करावा लागेल. माझं अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं. अर्ज मी लिहिला. 'मज्जारज्जू या अनावश्यक घटकावर अवाजवी वेळ खर्च केला' असं मी लिहिलं. 'अभ्यासाच्या वेळेत विद्यार्थ्यांना रुग्णसेवेस जुंपले' हेही लिहिलं. शब्द सचिवसाहेबांचे होते, पण पेन माझं होतं आणि मी थांबले नाही. विजयानं सही केली नाही. तिनं मला काही विचारलंही नाही.

जानेवारीत सरांना कमी केलं. नव्या सरांनी सहा धडे नऊ दिवसांत उरकले आणि वर्गानं त्यांना निरोपाच्या वेळी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं.

माझं मेडिकल पाच मार्कांनी हुकलं. मोहल्ल्यानं चार दिवस सुतक पाळलं. नांदेडला येऊन मी बी.एस्सी., मग एम.एस्सी. केलं. तोवर लातूरचं वारं नांदेडला पोचलं होतं, गल्लोगल्ली क्लास निघाले होते. मी एका क्लासात जीवशास्त्र शिकवायला लागले. विष्णुपुरीच्या रस्त्यावर माझा दोन मजली उंचीचा फोटो लागला. त्याखाली 'जीवशास्त्राची राणी' असं लिहिलं होतं, आणि क्लासचा रंग निळा म्हणून माझी हिरवी ओढणी त्यांनी संगणकावर निळी केली होती. अब्बा रिक्षा थांबवून तो फोटो बघायचे. मी सहा धडे सात दिवसांत शिकवायची.

मग आमच्या वर्गातला तो सगळ्यात हुशार मुलगा मेंदू आणि मणक्याचा मोठा सर्जन झाला. कुठल्याशा सत्कारात तो बोलून गेला की मला या विषयाची गोडी मज्जारज्जूच्या सरांनी लावली. हे छापून आलं, तेव्हा सचिवसाहेबांना सरांची एकदम आठवण झाली. त्यांच्या संस्थेची नांदेडला शाखा निघत होती. सर तेव्हा नायगावला एका शाळेतून निवृत्त होऊन घरी होते. उद्घाटनाला त्यांना बोलावलं, शाल घातली, नारळ दिला. सचिवसाहेब म्हणाले की अशा ऋषितुल्य गुरूंच्या पायावर ही संस्था उभी आहे. शहरातल्या सगळ्या क्लासच्या शिक्षकांना आमंत्रण होतं. मी तिसऱ्या रांगेत होते.

सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माइकसमोर गेले आणि म्हणाले, "मला या संस्थेनं काढून टाकलं होतं. मी पोर्शन पुरा केला नव्हता. ते बरोबरच होतं. आजचा चहा चांगला होता." आणि येऊन बसले. सगळ्यांत आधी टाळ्या सचिवसाहेबांनी वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्या मागोमाग बसस्टँडवर गेले. ते नारळ मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. मी माझं नाव सांगितलं आणि न थांबता सांगितलं की तो अर्ज मी लिहिला होता.

"ठाऊक हाय," सर म्हणाले. "पोट फोडून असा 'ष' काढणारी वर्गात तू एकटीच."

मी विचारलं, राग आला होता का.

"आला की. चार दिवस आला. मग परत वाचला अर्ज. 'अनावश्यक घटक' एवढं सोडलं तर सगळं खरं होतं." ते नारळ हातात फिरवत राहिले. "अन् अर्ज लिवल्यावरबी तू पाळीला येत होतीस. मंगळवारी, शुक्रवारी. एकदाबी चुकली न्हाईस. ते मी बघून राहिलो होतो."

नायगावची गाडी लागली. ते चढले आणि खिडकीतून त्यांनी अब्बांची चौकशी केली.

सर वारल्याचं मला त्या भेटीनंतर दोन वर्षांनी कळलं, तेही उशिरा. कुणाला सांगावं सुचेना, म्हणून मी लातूरला गेले आणि तिथून विजयाच्या गावी. विजया नर्स झाली होती, दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला होती. तिची आई नव्या गावठाणात पिठाची गिरणी चालवत होती. गिरणीजवळ उंच लाकडी ओटा, त्यावर ती बसलेली, बटण आणि पट्टा हाताच्या टप्प्यात. दळण ज्याचं त्यानं वर ओतायचं आणि ज्याचं त्यानं भरून घ्यायचं, हा तिचा नियम होता. भुवयांपर्यंत पीठ बसलं होतं.

मी सर गेल्याचं सांगितलं. तिनं बटण बंद केलं. गिरणीचा आवाज उतरत उतरत थांबला. दळण घेऊन उभ्या असलेल्या दोन बायकांनी डबे खाली ठेवले.

"दर साली यायचे," ती म्हणाली. "पाठ दाखवा म्हणायचे. जखम न्हाई बघितली की चहा पिऊन जायचे." मग म्हणाली, "त्या टायमाला लई लोक आले माझ्याकडं. समदे हाव म्हणले. न्हाई म्हणणारा त्यो येकटा. त्यानं न्हाई म्हणलं म्हणून मी हितं बसले."

तिनं पदरानं तोंड पुसलं. पीठ तसंच राहिलं. मग मला विचारलं, तुम्ही काय करता. मी म्हणाले, पोरांना शिकवते, डॉक्टर व्हायला आलेल्या.

"समदे होतेत का?"

मी म्हणाले, नाही. थोडे होतात.

"मग बाकीच्यायला तसं सांगता का?"

मी ओढणीवर बसलेलं पीठ झटकायला लागले. दळणवाल्या बायकांपैकी एकीनं डबा वर उचलला. विजयाच्या आईनं माझ्याकडं आणखी थोडा वेळ बघितलं आणि बटण दाबलं.